पोकेमॉन गोच्या रेडमध्ये हार? टीम निवडताना या चुका टाळा

आनंदवाडीच्या आखाड्यात जोड लावताना जाणती वस्तादमंडळी नुसतं वजन बघत नाहीत. समोरचा कुठल्या डावाला कच्चा आहे आणि तो डाव आपल्या पोराच्या हातात आहे का, हे बघतात. बेळगावात वाढलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पण तीच पोरं पोकेमॉन गो या मोबाइल गेमच्या रेडला, म्हणजे एका बलाढ्य बॉस पोकेमॉनला ठरलेल्या वेळात मिळून पाडायच्या लढतीला, उभी राहिली की सीपीचा, म्हणजे लढाऊ ताकदीचा, आकडा बघून सहा पोकेमॉन भरतात आणि हरून घरी जातात.

गेल्या पावसाळ्यात किल्ल्याजवळच्या जिमवर, म्हणजे गेमच्या नकाशावरच्या लढतीच्या जागी, आम्ही पाच जण रेक्वाझा या बॉसला भिडलो होतो. फाइव्ह-स्टार रेडला 300 सेकंद मिळतात. वेळ संपली तेव्हा बॉसची थोडीच पट्टी उरली होती. नंतर एकमेकांचे फोन बघितले, तर प्रत्येकाच्या टीममध्ये अॅग्रॉन. गेमनं सुचवलेली टीम कुणी बदललीच नव्हती.

पहिली चूक हीच. गेम आपोआप जी टीम लावतो, तिचा कल बऱ्याचदा मार सोसणाऱ्या पोकेमॉनकडे असतो. अॅग्रॉन टिकतो खरा, पण रेडमध्ये शत्रू घड्याळ आहे. तिथं टिकण्यापेक्षा मारा जास्त लागतो. ब्लिसीचंही तसंच: जीव भरपूर, हल्ला अगदी कमी. आणि स्लेकिंग? "सीपी बघ की रे, चार हजाराच्या वर आहे!" असं म्हणून आमच्यातला एक जण त्याला दर वेळी पुढं काढायचा. त्याचा फास्ट मूव्ह (पुन्हापुन्हा मारायचा छोटा डाव) आहे यॉन, म्हणजे जांभई. त्यानं बॉसचं शून्य नुकसान होतं.

टाइप जुळला, पण डाव तपासला नाही

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे, कारण ती वरून दिसत नाही. रेक्वाझा ड्रॅगन आणि फ्लाइंग अशा दुहेरी टाइपचा, म्हणजे प्रकाराचा, आहे. हे दोन्ही टाइप बर्फाला कच्चे, म्हणून आइस मूव्हचा मारा 1.6 गुणिले 1.6, म्हणजे 2.56 पट बसतो. मग मॅमोस्वाइन घ्यायचा हे बरोबर. पण मॅमोस्वाइन आइस आणि ग्राउंड असा दोन्ही आहे. त्याच्याकडे पावडर स्नो आणि अॅव्हलांच असेल तर सोनं. मड-स्लॅप आणि बुलडोझ असेल, तर ग्राउंडचे हे मूव्ह उडणाऱ्या रेक्वाझावर फक्त 0.39 पटीनं लागतात. पैलवान तोच, पण फरक साडेसहा पटींचा. आमच्यातल्या एकाचे तिन्ही मॅमोस्वाइन असेच निघाले.

उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी पोकेमॉन उघडून दोन्ही मूव्ह (फास्ट आणि ऊर्जा साठल्यावर मारायचा चार्ज्ड) वाचा आणि चुकीचा मूव्ह फास्ट टीएम किंवा चार्ज्ड टीएम या गेममधल्या वस्तू वापरून बदला. मूव्ह पोकेमॉनच्याच टाइपचा असेल तर वर 1.2 पट मिळतात, तेही लक्षात धरा. बॉस म्हणून टायरानिटार आला तर हाच हिशोब फायटिंगचा, कारण तो त्याला कच्चा. काउंटर आणि डायनॅमिक पंच असलेला मचॅम्प कमी सीपीचा असला तरी पुढं काढा.

शॅडो पोकेमॉन (गेममधल्या टीम गो रॉकेटकडून सोडवलेला) दिसला की लगेच प्युरिफाय, म्हणजे शुद्ध करून साधा, करू नका. शॅडोचा मारा 20 टक्के जास्त असतो. तो लवकर पडतो, पण रेडमध्ये हा सौदा परवडतो.

आपला पाऊस, गेमचं हवामान

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ फाटलेलंच, खानापूरकडे तर विचारूच नका. गेममध्ये पाऊस असला की वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग मूव्हना 1.2 पट जोर मिळतो. ग्रूडॉन वॉटरला कच्चा, म्हणून त्याला पाडायला पावसाळी संध्याकाळ उत्तम. वॉटर टाइपचा कायोगर असेल तर मात्र पावसाचा जोर त्यालाही मिळतो, तेव्हा इलेक्ट्रिकची फळी भक्कम हवी. जिंकलात तर तो 20 ऐवजी 25 लेव्हलचा हाती लागतो. फक्त खिडकीबाहेरचा पाऊस धरू नका, नकाशावर वरच्या कोपऱ्यातलं चिन्ह बघा. निपाणी, चंदगडहून रिमोट पासनं, म्हणजे घरबसल्या, येणाऱ्या मित्रांनाही हे आधी कळवा, कारण हवामान जिमच्या जागेचं लागतं, त्यांच्या घरचं नाही.

मेगा पोकेमॉन (काही वेळापुरते जास्त बलवान केलेले) सगळ्यांनी एकाच टाइपचे, एकदमच उतरवू नका. मेगा मैदानात असेपर्यंत इतरांच्या त्याच टाइपच्या माऱ्याला 30 टक्के वाढ मिळते, पण दोन मेगांची वाढ एकमेकीवर चढत नाही. एकाचा पडत आला की दुसऱ्यानं काढावा.

आणि दुसरी टीम आधीच जतन करून ठेवा. सहाही पडले की बरेच जण रिव्हाइव्ह (पडलेल्याला उठवायची वस्तू) शोधत बसतात, त्यात अर्धं मिनिट सहज जातं. लॉबीत, म्हणजे लढतीआधीच्या स्क्रीनवर, बोट सरकवून दुसरी टीम निवडा आणि लगेच परत शिरा. स्क्रीनवर थेंब असतील तर बोट भलतीकडेच सरकतं. खिशात कोरडा रुमाल ठेवा.