कोगनोळीच्या नाक्यावरून एसएस७ कडे: सिग्नलिंगमध्ये मेसेज स्क्रीनिंगचे नियम कसे लावावेत

कोगनोळीला माझ्या मावशीचं घर आहे, हायवेच्या टोलनाक्यापासून हाकेच्या अंतरावर. मावशी सोप्यात बसून तांदूळ निवडत असते, आणि तिचा फोन मात्र दिवसातून दोन-तीनदा महाराष्ट्रात जाऊन येतो. पलीकडचा टॉवर जोरात लागला की फोन तिकडे, जरा कमी झाला की परत कर्नाटकात. मावशीला त्याचा पत्ताही नसतो. पण दर वेळी नव्या सर्कलचं (सर्कल म्हणजे टेलिकॉमचा विभाग, साधारण एका राज्याएवढा) एक्स्चेंज मूळ सर्कलच्या एचएलआरला, म्हणजे ग्राहकांच्या मुख्य नोंदवहीला, कळवतं की ही बाई आता माझ्याकडे आहे.

जुन्या 2जी-3जी जाळ्यात ही कुजबुज एसएस७ वरून, म्हणजे एक्स्चेंजांच्या आपसातल्या सिग्नलिंगच्या भाषेतून, चालते (4जी मध्ये तेच काम डायमीटर नावाची भाषा करते). १९८० च्या सुमारास एसएस७ चं प्रमाणीकरण झालं तेव्हा लाइनवर सगळी आपलीच माणसं असणार असं गृहीत धरलं होतं. समोरचा कोण, हे विचारायची सोयच नाही. २०१४ मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत संशोधकांनी दाखवून दिलं की या वाटेने कोणाचाही ठावठिकाणा काढता येतो. २०१७ मध्ये जर्मनीत ओटीपीचे एसएमएस याच वाटेने वळवून लोकांची बँक खाती रिकामी केल्याचं उघड झालं. त्यावरचा उपाय म्हणजे स्क्रीनिंग: आलेला मेसेज तपासून सोडायचा की अडवायचा ते ठरवणं.

२०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद बघून गाड्या सोडत होते, ते आठवत असेल. आधी गाडीचा नंबर, मग कागद, आणि संशय आलाच तर डिकी. सिग्नलिंगमध्येही तपासणी याच क्रमाने होते.

आधी कागद-पेन्सिल घ्या. आपल्या एसटीपीला, म्हणजे सिग्नलिंगच्या जंक्शनला, कुठकुठले लिंकसेट (एकेका शेजाऱ्याकडून येणाऱ्या लिंकांचे गट) येतात ते काढा: आपल्याच एक्स्चेंजचे, देशातल्या दुसऱ्या कंपन्यांचे, परदेशी वाहकांचे. प्रत्येकाशेजारी लिहा, इथून काय यायला हवं. हे कंटाळवाणं काम टाळून जो थेट कमांड मारायला बसतो, तो रात्री दोनला फोन उचलत बसतो. आणि एक गोष्ट बजावून सांगतो: लेखी परवानगीशिवाय चालू नेटवर्कला हात लावायचा नाही. बेळगावातल्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पोरांनी ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा मोफत एसटीपी घरच्या लिनक्सवर चालवावा, वायरशार्कमध्ये मेसेज उलगडून बघावेत. सरावाला तेवढं पुष्कळ झालं.

पहिली चाळणी गाडीच्या नंबरप्लेटची. मेसेज कुठल्या पॉइंट कोडवरून (जाळ्यातल्या यंत्राच्या पत्त्यावरून) आला, कुठल्या पॉइंट कोडला चाललाय आणि आत कुठली सेवा आहे, एवढंच बघायचं. आपल्याकडे पॉइंट कोड १४ बिटांचा, म्हणजे एकूण १६,३८४ पत्ते. शेजाऱ्याच्या लिंकवर फक्त त्याचेच पत्ते 'येणारे' म्हणून चालू ठेवा, बाकी बंद. सेवांना नंबर असतात: ३ म्हणजे एससीसीपी (रोमिंगचे मेसेज यातून जातात) आणि ५ म्हणजे आयएसयूपी (कॉल जोडणारी). नवखा माणूस इथंच घसरतो. रोमिंगच्या लिंकवर फक्त ३ हवं म्हणून बाकी सगळं बंद करतो, आणि थोड्या वेळात लिंकच पडते. कारण ० म्हणजे जाळ्याचं व्यवस्थापन आणि १ म्हणजे लिंकची चाचणी. जुन्या ई-वन (डिजिटल तारेच्या) लिंकवर चाचणीच्या मेसेजला उत्तर मिळालं नाही, की समोरचा लिंक मेली असं समजतो. तेव्हा ० आणि १ उघडेच ठेवायचे.

दुसरी चाळणी कागदपत्रांची, म्हणजे ग्लोबल टायटलची. हा दिसायला फोन नंबरसारखाच असतो. इथला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा नियम एकच: परदेशी लिंकवरून आलेल्या मेसेजवर पाठवणारा म्हणून आपल्याच नेटवर्कचा पत्ता असेल, तर तो टाकून द्यायचा. आपल्या घरचा माणूस परक्याच्या दारातून कशाला येईल? आपला ग्राहक दुबईत असला तरी मेसेज दुबईच्या एक्स्चेंजच्या पत्त्यावरून येतो, त्यामुळे या नियमाने त्याचं काही अडत नाही.

तिसरी चाळणी डिकीची. मेसेजच्या पोटातला एमएपी आदेश, म्हणजे मोबाइल नेटवर्कं एकमेकांना देतात ती नंबर असलेली सूचना, बघायचा. साधा एसटीपी सहसा इतका खोल जात नाही, त्यासाठी सिग्नलिंग फायरवॉल लागते. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या एफएस.११ या मार्गदर्शिकेत आदेशांचे तीन गट केले आहेत. पहिल्या गटातले आदेश घरातल्या घरातच चालायचे, उदाहरणार्थ ग्राहक आत्ता कुठे आहे हे विचारणारा ७१ नंबरचा. बाहेरून आला की बंद, चर्चा नाही. दुसऱ्या गटातले आदेश मूळ नेटवर्क आपल्या बाहेर गेलेल्या ग्राहकासाठी पाठवतं. मग परदेशातून असा आदेश आला तर ज्याच्याबद्दल तो आहे तो ग्राहक त्यांचाच हवा. आयएमएसआयचे, म्हणजे सिमकार्डाच्या ओळख क्रमांकाचे, पहिले अंक बघितले की हे कळतं. भारताचे ४०४ आणि ४०५ ने सुरू होतात, पुढचे अंक कंपनी-सर्कलचे. आपलाच ग्राहक आणि विचारणारा परका, म्हणजे सरळ लबाडी. एसएमएस पोचवण्यासाठी येणारी ४५ नंबरची विचारणा मात्र बंद करता येत नाही, नाहीतर बाहेरचे एसएमएसच थांबतील. तिथे होम रूटिंग लावून, म्हणजे बाहेरचा एसएमएस आधी आपल्याच नेटवर्कमधून फिरवून, खरा आयएमएसआय झाकायचा.

तिसऱ्या गटात खरी गोम आहे. 'ग्राहक माझ्याकडे आलाय' असं सांगणारा २ नंबरचा आदेश याच गटातला. तो खराही असू शकतो, खोटाही. म्हणून वेगाचा हिशेब करतात: आधीचं ठिकाण, नवं ठिकाण, मधला वेळ. अर्ध्या तासापूर्वी बेळगावात असलेला माणूस आता युरोपात असेल, तर नक्कीच कोणीतरी थाप मारतंय.

आता समजा, हाच नियम कोणी देशातल्या सर्कलांनाही लावला आणि ठिकाण म्हणून एक्स्चेंजचं शहर धरलं, इकडचं बेंगळूर, तिकडचं पुणे. रस्त्याने अंतर साधारण ८४० किलोमीटर. मावशीचा फोन पाच मिनिटांत टॉवर बदलतो. नियमाच्या लेखी तांदूळ निवडणारी मावशी ताशी दहा हजार किलोमीटरने पळाली! तिची नोंद नाकारली जाणार आणि फोन मुका होणार. बेंगळुरात नकाशा बघून नियम लिहिणाऱ्याला हे सुचत नाही, कारण त्याच्या नकाशात सीमेअलीकडचं निपाणी आणि पलीकडचं कागल यांच्यामधलं अंतर दिसत नाही, बेंगळूर आणि पुण्यामधलं दिसतं.

उपाय सोपा आहे. शेजारी सर्कलांचा तक्ता करा आणि त्या जोड्यांसाठी किमान वेळ शून्य ठेवा. टेलिकॉमच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो, म्हणून चोर्ला घाटाने पणजीला जाणारे याच जोडीत बसतात. कडकपणा परदेशी लिंकसाठी राखून ठेवा.

नियम लिहून झाले तरी लगेच अडवू नका. निदान एक पूर्ण आठवडा नुसती नोंद घ्या, कारण रविवारची आणि बाजारच्या दिवसाची रहदारी वेगळी असते. नोंदीत वारंवार दिसणारा प्रत्येक पत्ता कोणाचा ते शोधा. नियम बहुधा वरून खाली वाचले जातात, जो आधी जुळला तो लागू. म्हणून सूट वर आणि सरसकट बंदी सगळ्यात खाली. अडवलेल्या मेसेजला 'पोचला नाही' असं उत्तर पाठवायचं की गुपचूप गिळायचा? माझं मत, परदेशी लिंकवर गुपचूप. चोराला कुलूप कुठलं आहे ते कशाला सांगा?

बंदी चालू करायची ती पहाटे, जुनी फाइल हाताशी ठेवून. मग दोन सिमकार्डं घेऊन निपाणीहून कागलला जा. फोन निघतानाच बंद करा आणि कागलात चालू करा, म्हणजे नवी नोंद हमखास होते. एक फोन लावा, एक घ्या, बँकेचा ओटीपी मागवून बघा. परत येताना तेच उलट करा. दुसऱ्या दिवशी हेच बेळगाव ते शिनोळी.