टेकडीच्या उतारावर घर घेताना आधी पाण्याची वाट बघा

पुण्यात बावधन, सूस, बाणेर, वारजे, धनकवडी, आंबेगाव, कात्रज, कोंढवा या बाजूंना घर शोधायला निघालं की टेकडी कुठे ना कुठे पाठीशी येतेच. हवा चांगली, खिडकीतून हिरवळ, पहाटे मोरांचे आवाज. हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी तिथे राहावं असंच आहे. पण हा व्यवहार सपाटीवरच्या फ्लॅटसारखा करून चालत नाही. टेकडीवर पडलेला पाऊस खाली जाताना तुमच्या इमारतीच्या शेजारून, खालून किंवा थेट पार्किंगमधून जाणार आहे. तो नेमका कुठून जातो हे कळलं की निम्मं घर तपासून झालं.

आधी सर्व्हे नंबर, मग सॅम्पल फ्लॅट

सॅम्पल फ्लॅट बघण्याआधी जागेचा सर्व्हे किंवा गट नंबर मागा. त्यावरून झोन दाखला (जागा कोणत्या वापराच्या झोनमध्ये आहे ते सांगणारा पालिकेचा कागद) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढून घ्या. तीन गोष्टी बघायच्या: जागेवर जैवविविधता उद्यानाचं म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे का, ती हिल टॉप-हिल स्लोप म्हणजे टेकडीमाथा-टेकडीउतार झोनमध्ये येते का, आणि नकाशात कुठे ओढा किंवा नाला दाखवला आहे का. १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांमधली सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांची जमीन बीडीपीत आहे. तिथे 'एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट, पुढेमागे नियमित होईल' असं सांगून जागा विकली जाते. सातबाऱ्यावर सामाईक खातेदार म्हणून नाव लागतंही. पण नाव लागणं म्हणजे बांधायची परवानगी मिळणं नव्हे. अशी जागा कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

१:५ पेक्षा तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकामाला परवानगी मिळत नाही. १:५ म्हणजे पाच फूट आडवं गेल्यावर एक फूट उतार, साधारण ११ अंश. हा उतार स्वतः मोजता येतो. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, ३०-४० फुटांची. तिच्यात पाणी भरा आणि आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक वरच्या बाजूला जमिनीलगत धरा. दुसऱ्या माणसाने आडव्या मापाने दहा फूट खाली उभं राहून नळी काठीला टेकवावी. दोन्हीकडचं पाणी स्थिरावलं की वरच्या टोकाचं पाणी जमिनीशी आणा आणि खालच्या माणसाच्या पायापासून पाण्यापर्यंतची उंची मोजा. ती दोन फुटांपेक्षा जास्त भरली तर जागा १:५ च्या पलीकडची आहे. चार-पाच ठिकाणी मोजा, कारण मूळ उतार भराव टाकून सपाट दाखवलेला असू शकतो. शेजारच्या न खोदलेल्या जमिनीचंही माप घ्या, तेच खरं.

बाकी कागद नेहमीचेच: मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, महारेरा नोंदणी, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट म्हणजे मालकीच्या व्यवहारांचा शोध अहवाल. तयार इमारत असेल तर भोगवटा पत्र हवंच. मंजूर नकाशात पोडियम (इमारतीखालचा उचललेला चौथरा), संरक्षक भिंत आणि पावसाळी गटार दाखवलेली असतात. प्रत हातात घेऊन जागेवर फिरा. नकाशातली गटार जागेवर सापडत नसेल तर तिथेच थांबून विचारा.

खोदलेला कडा वाचा

इथला बेसाल्ट थराथरांचा आहे. दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा विटेच्या रंगाची तांबडी माती असते. वरच्या भेगाळ खडकातून पाणी झिरपत येतं, या तांबड्या थरावर अडतं आणि आडवं चालत कड्यातून बाहेर पडतं. आपल्या टेकड्यांवरचे बरेच झरे असेच फुटतात. इमारतीमागचा खोदलेला कडा नोव्हेंबरमध्ये जाऊन बघा. पाऊस संपून महिना झाला तरी तांबड्या पट्ट्यापाशी ओल, शेवाळ किंवा हिरवं गवत असेल तर तिथे झरा आहे. झरा असणं वाईट नाही. त्याला वाट न देता समोर भिंत बांधणं वाईट. खालच्या पार्किंगमध्ये बारमाही ओल येते ती बहुधा अशीच.

दुसरा धोका अर्धी खोदाई, अर्धा भराव. उतारावर सपाट जागा करताना वरची बाजू कापतात आणि निघालेला मुरूम खालच्या बाजूला टाकतात. इमारतीचा अर्धा भाग खडकावर आणि अर्धा भरावावर उभा राहिला की भरावाची बाजू सावकाश बसते आणि भिंतींना तिरक्या, पायऱ्यांसारख्या भेगा जातात. बिल्डरला एकच प्रश्न विचारा: 'दरीकडच्या बाजूचे सगळे फुटिंग, म्हणजे खांबांचे पाये, खडकापर्यंत नेले आहेत का?' उत्तर तोंडी घेऊ नका, माती परीक्षणाचा अहवाल आणि पायाचं ड्रॉइंग मागा. जुन्या घरात दरीकडच्या खोल्यांच्या दरवाज्यांच्या चौकटी बघा. दार वरच्या कोपऱ्यात घासत असेल आणि त्याच भिंतीत तिरकी भेग असेल, तर स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणल्याशिवाय टोकन देऊ नका.

भिंत: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

कंपाउंडची भिंत आणि माती अडवणारी भिंत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. घात होतो तो कंपाउंडच्या भिंतीमागे माती रचत गेल्यामुळे. २९ जून २०१९ ला कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले. तीन दिवसांच्या आतच आंबेगावात अशीच भिंत पडून आणखी माणसं गेली. दोन्ही वेळा जोराचा पाऊस होता आणि मरणारे भिंतीखाली राहणारे होते. तुमच्या भिंतीच्या खाली कोण राहतं हे बघणं म्हणूनच तुमचं काम आहे.

पाण्याचा जोर किती, तर ३ मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ साचलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साडेचार टन रेटा येतो. हा फक्त पाण्याचा, मातीचा वेगळा. म्हणून भिंतीत पाझराची भोकं, ज्यांना साइटवर वीप होल म्हणतात, ती असलीच पाहिजेत. ७५ ते १०० मिलिमीटरचे पाइप, आडवे-उभे साधारण दीड मीटरवर, बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकलेले, आणि भिंतीमागे खडी किंवा दगडगोट्यांचा थर. जोराच्या पावसानंतर जाऊन बघा. भोकांतून स्वच्छ पाणी येत असेल तर भिंत काम करते आहे. भोकं कोरडी आणि भिंतीचा दर्शनी भाग ओला, म्हणजे ती बुजली आहेत. गढूळ पाणी म्हणजे मागची माती वाहून चालली आहे. दगडी भिंत असेल तर तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नसावी. वरून ओळंबा सोडा. मधे पोट आलं असेल किंवा माथा बाहेर झुकला असेल तर रंगरंगोटीवर जाऊ नका.

पाणी आणि रस्ता

पालिकेचं पाणी कोणत्या टाकीवरून येतं आणि ती टाकी तुमच्या इमारतीपेक्षा उंचावर आहे का, हे विचारा. १० मीटर उंचीच्या फरकाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब मिळतो. टाकी बरोबरीला असेल तर उन्हाळ्यात टँकर ठरलेला. चौघांच्या घराला दिवसाला ५४० लिटर धरा. ४० घरांच्या सोसायटीला म्हणजे साडेएकवीस हजार लिटर, १० हजारांचे दोन टँकर आणि वर थोडं. सोसायटीकडून एप्रिल-मेची टँकरची बिलं मागून घ्या. टँकर ज्या चढावरून येतो तोच चढ ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनच्या गाडीला लागणार आहे. पावसात स्वतःची दुचाकी त्या उतारावरून एकदा खाली आणून बघा.

राहायला गेल्यावर

मेअखेरीला इमारतीच्या वरच्या अंगाला असलेला, टेकडीचं पाणी वळवणारा चर साफ करा. त्यात पालापाचोळा आणि बांधकामाचा राडारोडा साचतो आणि पहिल्याच पावसात पाणी चर सोडून भिंतीमागे उतरतं. प्रत्येक वीप होलमध्ये सळई घालून मोकळं करा. भिंतीत वड-पिंपळाचं रोप दिसलं तर लहान असतानाच काढून दुसरीकडे मातीत लावा. उघड्या उतारावर वाळा लावा: समपातळीच्या ओळीत, १०-१५ सेंटिमीटरवर एक ठोंब, पहिला पाऊस झाल्यावर. त्याची मुळं खोल सरळ जातात आणि माती धरून ठेवतात. गवत वाळलं की फेब्रुवारीपासून वणव्याची भीती, म्हणून कुंपणालगतचा तीन-चार मीटरचा पट्टा कापून ठेवा. साप येतात. जिन्यापाशी दिवा ठेवा, आणि मारण्याऐवजी सर्पमित्राला बोलवा.

घराच्या भिंतीत भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. पावसाळ्यात ती रेघेच्या पुढे गेली किंवा रुंदी ३ मिलिमीटरच्या वर गेली तर इंजिनिअरला बोलवा.

विमा घेताना भूस्खलन आणि जमीन खचणं यांचा समावेश आहे का ते वाचा. भारत गृह रक्षा पॉलिसीत ते असतं, पण भरावाची जमीन हलल्यामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. भरावावरच्या घराला नेमकं तेच लागू होतं.

आणि दोन-तीन दिवसांच्या संततधारेत झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा थांबलं, वरच्या उतारावर चंद्रकोरीसारखी नवी भेग पडली, विजेचा खांब किंवा झाड कालच्यापेक्षा कललेलं दिसलं, तर फोटो काढत बसू नका. भिंतीखालच्या घरांना आधी उठवा, मग आपल्या मजल्यांवरच्यांना, आणि उताराच्या आडव्या दिशेने बाजूला जा. फोन १०१ किंवा ११२ वर, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७.