हाऊजीची घरगुती तिकिटं: या चुका टाळा

तिकिटं पुन्हा पुन्हा वापरायची म्हटलं की सगळे आधी लॅमिनेशनचं बघतात. खरा घोटाळा होतो आकड्यांत, आणि लॅमिनेट केल्यावर तो दुरुस्तही करता येत नाही.

तिकिटावर 3 ओळी, 9 रकाने. प्रत्येक ओळीत 5 आकडे, 4 घरं रिकामी. पहिल्या रकान्यात 1 ते 9, दुसऱ्यात 10 ते 19, असं करत शेवटच्यात 80 ते 90. मनाला येतील तसे आकडे भरले तर 47 पाच तिकिटांवर येतो आणि 52 कुठेच नसतो. एकाच तिकिटाच्या झेरॉक्स काढणं त्याहून वाईट: दोघांचं फुल हाऊस (तिकिटावरचे सगळे आकडे खोडून होणं) एकदमच होतं आणि बक्षिसावरून काका-पुतण्यांची जुंपते. म्हणून सहा-सहा तिकिटांचा संच करा. प्रत्येकी 15 आकडे, म्हणजे बरोबर 90. संचात प्रत्येक आकडा एकदाच. सहाही तिकिटं मिळून पहिल्या रकान्यात 9, शेवटच्यात 11 आणि मधल्या प्रत्येकात 10 आकडे भरले की जमलं. एकाही तिकिटात अख्खा रकाना रिकामा ठेवू नका. हे सगळं आधी पेन्सिलनेच करा. माणसं सहापेक्षा जास्त असतील तर दुसरा संच वेगळ्या मांडणीचा हवा.

पुकारायच्या सोंगट्यांवर प्रत्येक आकड्याखाली रेघ मारा. नाहीतर 6 चा 9 होतो, 68 चा 89 आणि 19 चा 61. पुकारताना ‘सहा-नऊ, एकोणसत्तर’ असं दोन्ही म्हणा. नुसतं ‘एकोणसत्तर’ म्हटलं तर इंग्रजी माध्यमातली भाचरं हमखास 79 खोडतात.

लॅमिनेशन केल्यावर कागदाच्या अगदी कडेने कापू नका. चारही बाजूंना 3-4 मिलिमीटर प्लॅस्टिक सोडा, नाहीतर कडेतून ओल शिरते आणि इंकजेटची शाई पसरते. खुणांसाठी व्हाइटबोर्ड मार्करच घ्या. कुणी चुकून पर्मनंट मार्कर वापरला, तर त्याच खुणेवर व्हाइटबोर्ड मार्कर गिरवून लगेच पुसा. बहुतेक वेळा डाग निघतो. शाईचा व्याप नको असेल तर चिंचोके उत्तम. हरभरे गुळगुळीत तिकिटावरून घरंगळतात, कागदाचे कपटे पंख्याने उडतात. रांगतं मूल असेल तर मात्र मार्करच बरा.

1 ते 90 चा एक तक्ताही लॅमिनेट करून ठेवा आणि पुकारलेला आकडा त्यावर लगेच खोडा. ‘जल्दी पाच’ (सगळ्यांत आधी पाच आकडे खोडले) असं कुणी खोटं ओरडलं, तर तक्ता पुढे करायचा.