फेडचा घोळ: ओपॅसिटी वापरताना या चुका टाळा

फेडबद्दल, म्हणजे वेबपानावरची गोष्ट हळूहळू उमटण्या-विरण्याबद्दल, ‘क्रोममध्ये नीट चालतं, सफारीत बिघडतं’ अशी तक्रार आली की आधी ब्राउझरच्या नावाने खडे फोडले जातात. बहुतेक वेळा घोळ आपल्याच सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, निघतो.

नेहमीची चूक म्हणजे पॉपअप बंद करताना नुसती ओपॅसिटी (अपारदर्शकता: १ म्हणजे पूर्ण दिसणारं, ० म्हणजे अदृश्य) ० करणं. तो दिसेनासा होतो, पण जागचा हलत नाही. खालचं बटण दाबलं तर क्लिक हाच गिळतो, टॅब दाबत गेलं की फोकस त्याच्या आतल्या लिंकवर हरवतो, स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मजकूर वाचतच राहतो. मग कुणीतरी ‘डिस्प्ले: नन’ (घटक पानावरून लगेच काढून टाकणारा नियम) लावतं आणि फेड दिसायच्या आतच पॉपअप गडप!

ओपॅसिटीच्या जोडीला ‘व्हिजिबिलिटी: हिडन’ द्या, म्हणजे लपलेल्या पॉपअपवर क्लिक, फोकस काही जात नाही. फेड ३०० मिलिसेकंदांचा असेल, तर बंद होताना व्हिजिबिलिटीचं ट्रान्झिशन (बदलाला लागणारा वेळ) ० सेकंदांचं आणि डिले (बदल सुरू होण्याआधीचा थांबा) ३०० मिलिसेकंदांचा. उघडतानाच्या क्लासमध्ये (सीएसएस नियमांच्या गटात) हा डिले ० करायला विसरू नका. नाहीतर सुरुवातीचे ३०० मिलिसेकंद काहीच दिसत नाही आणि मग पॉपअप एकदम उगवतो.

पेरेंटची (बाहेरच्या घटकाची) ओपॅसिटी ०.५ असेल, तर आतल्या अक्षरांना १ देऊन काही उपयोग नाही, तीही फिकीच राहणार. फक्त पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर रंगच आरजीबीएमध्ये (लाल, हिरवा, निळा आणि अपारदर्शकता असे चार आकडे) लिहा.

ओपॅसिटी १ पेक्षा कमी झाली, अगदी ०.९९ जरी, की नवा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट (वर-खाली थरांचा स्वतंत्र डबा) तयार होतो. मग आतल्या मेन्यूला झेड-इंडेक्स (थराचा क्रमांक) ९९९९ दिला तरी तो त्या डब्याबाहेर डोकं काढत नाही. फेड चालू असताना मेन्यू मागे जातो आणि संपल्यावर वर येतो, ते यामुळेच. मेन्यू त्या डब्यातून बाहेर काढा.

जावास्क्रिप्टने फेड करताना दर फ्रेमला ०.०२ मिळवत गेलात, तर ५० फ्रेम लागतात: ६० हर्ट्‌झच्या (सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या) स्क्रीनवर ०.८३ सेकंद, १२० हर्ट्‌झवर निम्मेच. रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेम (दर फ्रेमआधी आपला कोड चालवणारं फंक्शन) जो टाइमस्टॅम्प, म्हणजे त्या क्षणाची वेळ, देतं, त्यावरून ओपॅसिटीची किंमत काढा.

खरोखर सफारीच्या माथी मारता येईल असंही एक आहे: पांढऱ्याकडून ‘ट्रान्सपरंट’कडे जाणारा ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी रंगछटा) १५.४ च्या आधीच्या सफारीत मध्येच करडा पडतो, कारण ट्रान्सपरंट म्हणजे पारदर्शक काळा, आणि ती जुनी सफारी मधले रंग काढताना तो काळाही मिसळते. शेवटचा रंग आरजीबीए २५५, २५५, २५५, ० असा लिहिला की डाग जातो.