बेसमेंटमधल्या संप पंपाचा बॅटरी बॅकअप: पावसाआधी काय तपासायचं आणि चालला नाही तर कुठे बघायचं

न्यू जर्सी, शिकागोची सबर्ब्स, ओहायो, मिशिगन, सगळीकडे आपली मंडळी बेसमेंटवाल्या घरात राहतात. घर घेताना इन्स्पेक्टर सांगतो की संप पंप (बेसमेंटच्या जमिनीतल्या खड्ड्यात साचणारं पाणी बाहेर फेकणारा पंप) आहे, बॅटरी बॅकअपही आहे, ते ऐकून आपल्याला बरं वाटतं आणि नंतर त्या खड्ड्याचं झाकण वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. वरवर पंप चालतोय म्हणजे सगळं ठीक असं वाटतं पण तो चालणारा पंप मेन असतो, बॅकअपवर वेळ येते ती लाइट गेल्यावरच, आणि लाइट जाते नेमकी वादळात. आयरीन 2011 च्या ऑगस्टमध्ये आलं, सँडी 2012 च्या ऑक्टोबरमध्ये, आणि 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडाने न्यू जर्सीत काय पाऊस पाडला ते इथल्या कोणाला सांगायला नको. म्हणून कळकळीने सांगतो, बॅकअप असणं वेगळं आणि तो खरोखर पाणी उपसतोय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं वेगळं.

आधी तुमच्याकडे काय आहे ते बघा. बहुतेक घरांत एकाच खड्ड्यात दोन पंप असतात, खाली 120 व्होल्टचा मेन पंप आणि त्याच्यापेक्षा थोडा वर 12 व्होल्टचा छोटा पंप, त्याचा फ्लोटही (पाण्यावर तरंगून पंप सुरू-बंद करणारा स्विच) वरच्या लेव्हलला. मेन पंप हरला आणि पाणी वर चढलं की हा सुरू होतो. बाजूला प्लास्टिकच्या डब्यात बॅटरी आणि भिंतीवर चार्जर किंवा कंट्रोल बॉक्स. काही घरांत मात्र म्युनिसिपल पाण्याच्या प्रेशरवर चालणारा बॅकअप असतो, त्याला बॅटरीच नसते, आणि विहिरीचं पाणी असलेल्या घरात तो चालत नाही कारण लाइट गेली की विहिरीचा पंपही बंद. खाली लिहिलंय ते बॅटरीवाल्यांसाठी.

आता खरी टेस्ट. कंट्रोल बॉक्सवरचं टेस्ट बटन दाबून पंप दोन सेकंद घुर्र केला की लोक समाधानी होतात, पण त्यातून फक्त मोटर फिरते एवढंच कळतं, फ्लोट उचलतो का, बॅटरी किती वेळ तग धरते, पाणी बाहेर जातं का यातलं काहीच कळत नाही. त्यामुळे मेन पंपाचा प्लग काढा, चार्जरचाही प्लग काढा (हे महत्त्वाचं, नाहीतर चार्जर बॅटरीला आधार देत राहतो), आणि बादलीने किंवा लाँड्री सिंकला होज लावून खड्ड्यात पाणी सोडत राहा. वरचा फ्लोट उचलला की पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. घरातल्या कोणाला तरी बाहेर डिस्चार्ज पाइपच्या तोंडाशी उभं करा, पाणी जोरात पडतंय का बघायला. अर्धा तास तरी असं चालू द्या.

बॅटरीचे व्होल्ट मोजायला एक साधा मल्टिमीटर घ्या, वीस डॉलरच्या आसपास मिळतो. चार्जर काढून काही तास गेल्यावर लेड-ॲसिड बॅटरी 12.6 व्होल्ट किंवा जास्त दाखवत असेल तर फुल, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नका, म्हातारी बॅटरीसुद्धा आरामात 12.6 दाखवते आणि लोड आला की कोसळते. पंप चालू असताना मोजा. 12 च्या आसपास टिकून राहिली तर चांगली, काही मिनिटांत 11 च्या खाली गेली तर तिचे दिवस भरले. शंका असेल तर बॅटरी गाडीत घालून ऑटो पार्ट्सच्या दुकानात न्या, बरीच दुकानं लोड टेस्ट फुकट करून देतात.

लेड-ॲसिड बॅटरी 3 ते 5 वर्षं धरा, आणि नवीन लावताना वर मार्करने तारीख लिहून ठेवा. डीप सायकल (खोलवर उतरून पुन्हा चार्ज व्हायला बनवलेली) बॅटरीच घ्या, गाडीची स्टार्टर बॅटरी नको, ती क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली असते, खोलवर उतरली की लवकर खराब होते. पाणी घालायची बॅटरी असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी झाकणं उघडून बघा, प्लेट्स पाण्याखाली असल्याच पाहिजेत. फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं अजिबात नाही, आणि शक्यतो फुल चार्ज झाल्यावर घालायचं कारण चार्जिंगमध्ये लेव्हल वर येते (प्लेट्स उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढं घाला). चार्ज होताना हायड्रोजन गॅस सुटतो, त्यामुळे बॅटरी गॅसच्या वॉटर हीटरला खेटून ठेवू नका, जवळ दिवा उदबत्ती नको. हातमोजे आणि चष्मा घाला. टर्मिनलवर पांढरं-हिरवं काही साचलं असेल तर आधी निगेटिव्ह वायर काढा मग पॉझिटिव्ह, बेकिंग सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका, आणि लावताना पॉझिटिव्ह आधी. एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरीला पाण्याची भानगड नाही, त्रास नको असेल तर थोडे पैसे जास्त टाकून तीच घ्या असं माझं मत. लिथियम घ्यायची असेल तर चार्जर तिला चालतो का ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.

भारतात इन्व्हर्टर बघत मोठे झालेले आपण, त्यामुळे मेन पंपच इन्व्हर्टरवर टाकू असं पटकन डोक्यात येतं. होतं ते, पण अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप चालताना साधारण 800 ते 1000 वॅट घेतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, शिवाय इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह (घरच्या लाइटसारखाच करंट देणारा) लागतो. 12 व्होल्टचा बॅकअप पंप 10 ते 15 अँपिअर म्हणजे दीडशे वॅटच्या आसपासच घेतो, पाणी कमी फेकतो पण त्याच बॅटरीवर खूप जास्त वेळ चालतो. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस तर या कामाला नकोच.

तुमच्या घराला किती पुरेल हे काढता येतं. जोराच्या पावसात मेन पंप थोडा वेळ बंद करा आणि पाणी 1 इंच चढायला किती सेकंद लागतात ते मोजा. 18 इंच व्यासाच्या खड्ड्यात 1 इंच म्हणजे साधारण 1.1 गॅलन. समजा 10 सेकंद लागले तर तासाला 400 गॅलन आत येतंय. बॅकअप तुमच्या पाइपच्या उंचीला तासाला 1200 गॅलन फेकत असेल तर तो एक तृतीयांश वेळ चालेल, 15 अँपिअरच्या हिशोबाने सरासरी 5 अँपिअर, म्हणजे 100 अँपिअर-अवरची नवी बॅटरी अर्धी वापरून दहाएक तास. सँडीसारखी कित्येक दिवस लाइट गेली तर एवढ्याने भागणार नाही, मग दुसरी बॅटरी किंवा जनरेटर हवा, आणि जनरेटर नेहमी घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून लांब, गॅरेजमध्येसुद्धा नाही.

आता बिघाड झाला तर. बेसमेंटमध्ये पाणी साचून प्लग-वायरपर्यंत पोचलं असेल तर आत पाय टाकू नका, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. बाकी वेळी, पंप अजिबात हलत नाही तर पहिल्यांदा फ्यूज बघा, गाडीत असतो तसला चपटा फ्यूज असतो बॅटरीच्या वायरवर किंवा बॉक्समध्ये, मग टर्मिनल, मग फ्लोट हाताने उचलून बघा, खूपदा तो पाइपला किंवा वायरला अडकलेला असतो आणि मोकळा केला की काम संपलं.

पंप घरघरतोय पण पाणी जात नाही, हा प्रकार जास्त फसवा. पाइपवरच्या चेक व्हॉल्व्हचा (पाणी फक्त एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बाण बघा, उलटा लागलेला असू शकतो. दोन्ही पंप एकाच पाइपला जोडलेले असतील तर प्रत्येकाला स्वतःचा चेक व्हॉल्व्ह हवा, नाहीतर बॅकअपने उपसलेलं पाणी मेन पंपातून परत खड्ड्यात येतं आणि पंप गोल गोल तेच पाणी फिरवत बसतो. तेही ठीक असेल तर एअरलॉक, म्हणजे पंपात हवा अडकलेली, त्यासाठी चेक व्हॉल्व्हच्या खाली पाइपला 1/8 ते 3/16 इंचाचं बारीक भोक असतं, ते बुजलं असेल तर साफ करा, तिथून थोडं पाणी उडणं नॉर्मल आहे. थंडीत बाहेरचा पाइप गोठलाय का हेही बघा.

पंप थांबतच नाही तर एकतर फ्लोट वर अडकलाय नाहीतर चेक व्हॉल्व्ह गळतोय. आणि लाइट असताना बॅकअप सुरू झाला तर प्रॉब्लेम मेन पंपात आहे, त्याचं जीएफसीआय आउटलेट (करंट गळला की आपोआप बंद होणारं) ट्रिप झालंय का तिथून सुरुवात करा. चार्जर सतत एरर दाखवतोय तर टर्मिनल साफ करून बघा, तरी तसंच असेल तर बॅटरी चार्ज धरत नाहीये.

इन्शुरन्सचंही बघून घ्या. नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत संप ओव्हरफ्लो बहुतेक वेळा धरलेला नसतो, वॉटर बॅकअप नावाचं वेगळं कव्हर जोडून घ्यावं लागतं, आणि फ्लड इन्शुरन्स ही अजून तिसरीच गोष्ट.

ही सगळी टेस्ट मार्चमध्ये बर्फ वितळायच्या आधी आणि ऑगस्टच्या आत एकदा करा, आणि भारतात जायच्या आठवड्यात तर नक्कीच. वाय-फायवाला वॉटर अलार्म लावून जात असाल तर राउटर छोट्या यूपीएसवर टाका, नाहीतर लाइट जाताच तोही गप्प होतो आणि तुम्हाला पुण्यात काहीच कळत नाही. किल्ली ज्या शेजाऱ्याकडे देता त्याला जाण्याआधी एकदा खाली नेऊन बॉक्सवरचे लाइट, अलार्म म्यूट करायचं बटन आणि फ्यूजची जागा दाखवा, जादाचा फ्यूज बॉक्सलाच टेपने चिकटवून ठेवा.