गलका, टाळी आणि शांततेचा खेळ

डी.एल.एड. करून नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचा पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा क्वचितच असतो. "मॅडम, पोरं ऐकतच नाहीत हो, काय करू?" हाच असतो. मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र शिकवते आणि भिंतीपलीकडे तिसरी-चौथी भरते. त्यामुळे आवाजाचा विचार रोजच करावा लागतो.

आधी कुठला आवाज थांबवायचा ते ठरवा. चिंचोके मोजताना "माझे दहा झाले, तुझे किती?" असं चाललेलं असतं, तो अभ्यासच आहे. पहिलीचं मूल बोलत बोलत विचार करतं. सूचना चालू असताना किंवा कुणी वाचून दाखवत असताना होणारा गलका मात्र थांबायला हवा. म्हणून दिवसभर तोंडावर बोट ठेवायला लावू नका, आवाज कमी-जास्त करायला शिकवा.

आपण ओरडलो की मुलं त्याहून वर आवाज काढतात आणि दुपारपर्यंत आपलाच घसा बसतो. बोलणाऱ्यांची नावं मॉनिटरकडून फळ्यावर लिहून घेण्याची पद्धतही सोडा. नावं त्याच त्याच मुलांची येतात आणि वर्गात चहाड्या सुरू होतात. अंगठे धरायला लावणं, सगळ्यांसमोर पाणउतारा करणं हे तर बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नेच बंद केलं आहे, आणि योग्यच केलं आहे.

माझा सगळ्यात भरवशाचा खेळ म्हणजे पावसाची टाळी. काही न बोलता मी तळहातावर एक बोट वाजवू लागते. पुढची दोन-तीन मुलं बघून सुरू करतात, मग सगळा वर्ग. मग दोन बोटं, तीन, चार, आणि शेवटी पूर्ण हाताने धो धो पाऊस! तिथून उलट यायचं. चार, तीन, दोन, एक. एका बोटावर आलो की टपटप तेवढी ऐकू येते. मग हात मांडीवर. त्याच क्षणी, हळू आवाजात, पुढची सूचना द्यायची. ती आधीच तयार हवी. आपण तेव्हा पुस्तक शोधत बसलो, तर मिळालेली शांतता हातची गेली.

'शिवाजी म्हणतो'सुद्धा यासाठी छान. प्रत्येक आज्ञा आधीपेक्षा हळू द्या, मुलं कान टवकारतात. फक्त कुणाला बाद करू नका. बाद झालेलं मूल रिकामं बसतं आणि तेच दंगा सुरू करतं.

भिंतीवर चार चित्रं लावा. मुंगी म्हणजे आवाजच नाही, उंदीर म्हणजे जोडीतली कुजबुज, मांजर गटातलं बोलणं आणि वाघ मैदानावरचा आवाज. चालू असलेल्या चित्राला कपड्यांचा चिमटा लावायचा, आणि तो लावण्याचं काम सर्वांत बडबड्या मुलाकडे द्यायचं. वाघाला दिवसातून एकदा तरी संधी द्याच, कविता खणखणीत म्हणू द्या. ती वेळ मात्र शेजारच्या वर्गाला विचारून ठरवा.

शांततेचा खेळ माँटेसरी पद्धतीतला. ही पद्धत आपल्याकडे रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर आणि पुढे बोर्डी-कोसबाडला काम केलं. मुलं डोळे मिटून बसतात. मी दाराबाहेर उभी राहून एकेकाचं नाव कुजबुजते. ज्याला ऐकू येईल त्याने पाय न वाजवता माझ्याकडे यायचं. मी हा खेळ खिचडीच्या सुट्टीनंतर घेते. नंतर विचारलं की काय काय ऐकू आलं ते मुलं सांगतात. कुणाला भांडी घासल्याचा आवाज, कुणाला पलीकडचे पाढे, कुणाला लांबची एसटी. चुळबुळ्या मुलाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नका, त्याचं नाव दुसरं-तिसरं घ्या. जूनमध्ये मिनिटभर पुरे, दिवाळीनंतर वेळ वाढवा.

पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तेव्हा बोलून शिकवण्याचा हट्ट सोडा. मी हातवारे करते आणि मुलं ओळखून पाटीवर शब्द लिहितात. असा तास फार रंगतो.

शांततेच्या खेळात एका गोष्टीकडे नीट लक्ष ठेवा. नाव पुन्हा पुन्हा घेऊनही एखादं मूल हलत नसेल, आणि एरवी ते फार मोठ्याने बोलत असेल, तर त्याला कमी ऐकू येत असण्याची शक्यता असते. अशा मुलाला दंगेखोर ठरवण्याआधी पालकांशी बोला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यातल्या डॉक्टरांना त्याचे कान तपासायला आवर्जून सांगा. पथक यायला अवकाश असेल तर पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सांगा, आणि तोवर त्याला पुढच्या रांगेत, आपलं तोंड दिसेल असं बसवा.