गुरुत्वाकर्षण आणि पुंजवाद कुठे अडतात, हे कागदावर कसे काढावे

गुरुत्वाकर्षणाला मूलकणांच्या उरलेल्या तीन बलांशी (विद्युतचुंबकीय, तीव्र आणि क्षीण) जोडणारा कोणताही सिद्धांत वाचायला घेण्यापूर्वी, ही जोडणी कोणत्या मापावर अडते हे स्वतः काढून पाहावे. त्यासाठी शाळेतले बीजगणित पुरते.

प्रथम कणाची कॉम्प्टन लांबी मांडावी: दोन पायने भागलेला प्लांकचा स्थिरांक, भागिले वस्तुमान व प्रकाशवेग यांचा गुणाकार. कणाला याहून कमी जागेत कोंडू गेल्यास त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेतूनच नवे कण निर्माण होऊ लागतात. मग श्वार्झशिल्ड त्रिज्या मांडावी, म्हणजे तेवढ्या वस्तुमानाचे कृष्णविवर होण्याची मर्यादा: दोन गुणिले गुरुत्वस्थिरांक गुणिले वस्तुमान, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. वस्तुमान वाढेल तशी पहिली लांबी घटते आणि दुसरी वाढते, त्यामुळे दोन्ही कुठेतरी जुळणारच. त्रिज्येतला दोनाचा गुणक सोडून (येथे केवळ दहाचा घात हवा आहे) त्या समान मांडल्या की वस्तुमानाचा वर्ग असा येतो: १.०५×१०^-३४ गुणिले ३×१०^८, भागिले ६.६७×१०^-११. वर्गमूळ सुमारे २.२×१०^-८ किलोग्रॅम, आणि त्याची कॉम्प्टन लांबी १.६×१०^-३५ मीटर. हीच प्लांक लांबी.

या वस्तुमानाची ऊर्जा, म्हणजे प्लांक ऊर्जा, सुमारे १.२×१०^१९ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण-त्वरकातील टकरीची ऊर्जा त्याच एककात १.३६×१०^४ आहे. प्रयोग का रखडला आहे, हे या दोन आकड्यांवरूनच कळते.

पुंजवाद (सूक्ष्म कणांचा सिद्धांत) आणि व्यापक सापेक्षता (आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत) एकत्र नांदूच शकत नाहीत, असे सर्रास लिहिले जाते. ते विधान सैल आहे. कमी ऊर्जेवर न्यूटनच्या नियमातील पुंज-दुरुस्ती काढता येते. तिचे प्रमाण अंदाजे प्लांक लांबी भागिले अंतर, याचा वर्ग. प्रोटॉनएवढ्या, म्हणजे १०^-१५ मीटर अंतरावर ती १०^-४० च्या आसपास येते, म्हणून ती मोजता येत नाही. खरी अडचण पुढे आहे: गुरुत्वाकर्षणाची परिणामकारक ताकद ऊर्जेच्या वर्गाप्रमाणे वाढते, आकडेमोडीच्या प्रत्येक पुढच्या टप्प्यावर नवे अनंत उद्भवतात आणि ते शोषून घेण्यासाठी नवनवे स्थिरांक प्रयोगातून ठरवावे लागतात. प्लांक ऊर्जेजवळ ही यादी संपतच नाही.

यापुढे सिद्धांत तपासताना दोन गोष्टी पाहाव्यात: हे अनंत तो कसे टाळतो, आणि मोठ्या अंतरावर त्यातून आइन्स्टाइनची समीकरणे परत मिळतात का. कणांना सूक्ष्म कंप पावणारे तंतू मानणाऱ्या तंतू सिद्धांतात (स्ट्रिंग थिअरी) गुरुत्वाकर्षणाचा वाहक कण आपोआप येतो. अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या चलांवर (व्यापक सापेक्षता लिहिण्याच्या नव्या राशींवर) उभ्या राहिलेल्या वलय गुरुत्वाकर्षणात (लूप क्वांटम ग्रॅव्हिटी) मात्र दुसरा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही.